सगळ्यांनी एकदम प्ले दाबलं की व्हिडिओ अडकतो: केबल तपासण्याआधी घड्याळ बघा

लॅबमध्ये ४० संगणक. धड्यांचे व्हिडिओ त्याच इमारतीतल्या सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटचा यात काही संबंधच नाही. शिक्षक म्हणतात, "चला, तिसरा व्हिडिओ लावा," आणि अर्ध्या मिनिटात निम्म्या पडद्यांवर ते गोल चक्र फिरायला लागतं. निरोप येतो, मी धावत जातो. तोवर दहा-बारा जणांनी कंटाळून ब्राउझर बंद केलेला असतो, त्यामुळे उरलेल्यांचं सुरळीत चालू झालेलं असतं. शिक्षक माझ्याकडे बघतात. "आत्ता चालतंय हो, पण मगाशी खरंच चालत नव्हतं."

हा त्रास मी इतक्या वेळा "कायमचा" दुरुस्त केला आहे की आता कायमचा हा शब्द मी वापरत नाही. दर वेळी कारण सापडायचं, ते खरंही असायचं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा दारात उभी. फार उशिरा लक्षात आलं की तक्रार एकच असली तरी दुखणी वेगवेगळी होती. "व्हिडिओ अडकतो" हे "पोट दुखतंय" म्हणण्यासारखं आहे. कधीपासून, काय खाल्ल्यावर, नेमकं कुठे, हे विचारल्याशिवाय औषध देता येत नाही.

पहिल्या वर्षी आम्ही इंटरनेटचा वेग वाढवून घेतला होता. व्हिडिओ आतल्या सर्व्हरवर असताना! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. म्हणून आता काहीही विकत घेण्याआधी, कुठलीही केबल उपटण्याआधी, मी दोन गोष्टी बघतो: नेमकं काय थांबलंय, आणि कितव्या मिनिटाला किंवा कितव्या मशीनला थांबलंय.

चक्र फिरतंय की चित्र गोठलंय?

हा फरक विद्यार्थी सांगत नाहीत, आपण जाऊन बघावा लागतो. चक्र फिरतंय, आवाज आणि चित्र दोन्ही थांबलंय, तर मशीनपर्यंत डेटा पोचत नाही. आवाज नीट चाललाय पण चित्र गचके खातंय किंवा गोठलंय, तर डेटा पोचतोय, मशीनला तो उलगडायला जमत नाहीये. दुसऱ्या प्रकारात नेटवर्कला हात लावायचाच नाही. टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसर १०० टक्क्यांवर आणि नेटवर्क मात्र निवांत दिसलं की खात्री पटते. त्यावर पुढे बोलूच.

आता समजा चक्र फिरतंय. मग मोजणी.

मशीन मोजा

एकट्या मशीनवर बसून व्हिडिओ लावून बघणं ही सगळ्यात निरुपयोगी चाचणी. मी ती वर्षभर केली. एकट्याला सगळंच चालतं. खरी चाचणी लॅब रिकामी असताना करायची: सगळी मशीन चालू करा आणि पाच-पाच करत व्हिडिओ लावत जा. पाच, दहा, पंधरा, वीस. चक्र फिरायला लागलं की मागे येऊन एकेक वाढवा आणि नेमका आकडा लिहून ठेवा.

मग तेच सगळं अर्ध्या वजनाच्या फाइलवर पुन्हा करा. वजन म्हणजे बिटरेट, दर सेकंदाला लागणारा डेटा. हलक्या फाइलला मशीनचा आकडा जवळपास दुप्पट झाला, तर कुठेतरी पाइप अरुंद आहे. आकडा होता तिथेच राहिला, तर पाइप ठीक आहे, कोणीतरी दारात उभं राहून माणसं मोजतंय. या एका चाचणीनं माझे जितके दिवस वाचवलेत तितके कुठल्याच महागड्या साधनानं वाचवलेले नाहीत.

पाइप अरुंद असेल तर

आमचा पहिला आकडा होता २३. फाइल १०८०पीची, साधारण ४ एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट. २३ गुणिले ४ म्हणजे ९२. आता १०० एमबीपीएसच्या इथरनेटमधून हेडर (प्रत्येक पाकिटावरचा पत्ता) वगैरे वजा जाता प्रत्यक्षात ९४-९५च्या आसपास मिळतात. म्हणजे चोविसावा आला की भांडं भरलं. सर्व्हरचं कार्ड गिगाबिट (१००० एमबीपीएसचं) होतं, मुख्य स्विच, म्हणजे सगळ्या केबली जिथे जोडतात ती पेटी, गिगाबिट होता, मशीनही गिगाबिट. मग १०० आले कुठून?

टेबलाखालून. दोन रांगा वाढवल्या तेव्हा कोणीतरी तात्पुरता म्हणून एक छोटा स्विच मधे लावला होता, तो जुना, १०० चा. आणि "तात्पुरता" या शब्दाला तंत्रशाखेत काय आयुष्य असतं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

दुसऱ्यांदा हाच आकडा आला तेव्हा स्विच निर्दोष होता, केबल दोषी होती. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एक तार तुटली किंवा क्रिंपिंग (टोकाचा प्लग दाबून बसवणं) नीट झालं नाही की दोन्ही टोकांची उपकरणं मुकाट्यानं १०० वर तडजोड करतात. कुठेही तांबडा दिवा लागत नाही, कुठलाही इशारा येत नाही. त्यामुळे स्विचच्या सेटिंगच्या पानावर प्रत्येक पोर्टचा वेग डोळ्यांनी वाचायचा, आणि आधी सर्व्हरचा पोर्ट व स्विच-स्विचमधले दुवे वाचायचे, कारण चाळीस जणांचं ओझं तिथून जातं. विद्यार्थ्याच्या मशीनला १०० असलं तरी व्हिडिओला ते खूप झालं.

मधला दुवा मोजायला आयपर्फ३ हा छोटा, मोफत प्रोग्राम पुरतो. एका टोकाला तो सर्व्हर म्हणून चालवायचा, दुसऱ्या टोकाहून जोडायचा. तो ५२०१ क्रमांकाचा पोर्ट वापरतो, फायरवॉलमध्ये तेवढा उघडा ठेवा. एक लक्षात ठेवा: नुसता चालवला तर तो मशीनकडून सर्व्हरकडे जाणारा वेग मोजतो. आपल्याला उलट दिशा हवी, म्हणून उलट दिशेचा पर्याय द्या. आणि तीन-चार मशीनवरून एकाच वेळी चालवा, नाहीतर पुन्हा एकट्याच्या चाचणीचीच चूक; मात्र त्याचा एक सर्व्हर एका वेळी एकाच मशीनची चाचणी घेतो, म्हणून प्रत्येक मशीनसाठी तो वेगळ्या पोर्टवर चालवा आणि ते पोर्टही उघडे ठेवा.

एककांचा गोंधळही इथेच होतो. कॉपी करताना विंडोज दाखवतं ते मेगाबाइट, नेटवर्कवाले बोलतात ते मेगाबिट, मधे आठचा गुणाकार. "११ चा स्पीड येतोय, लिंक खराब आहे" अशी तक्रार घेऊन एक सहकारी आला होता. ११ मेगाबाइट म्हणजे ८८ मेगाबिट, १०० च्या लिंकला ते उत्तमच म्हणायचं.

आता पाइप मोठा करणं हा एक उपाय झाला. दुसरा उपाय स्वस्त आणि माझ्या मते जास्त शहाणपणाचा: फाइल हलकी करा. धड्यांचे व्हिडिओ म्हणजे सिनेमा नव्हे. स्लाइड, फळा, कोड लिहिलेला पडदा. चित्र मिनिट-मिनिट हलतच नाही. असा व्हिडिओ ७२०पी ठेवून, सेकंदाला १५ फ्रेमनं, ठरावीक दर्जाच्या पद्धतीनं एच.२६४ या व्हिडिओ-प्रकारात बांधला तर अनेकदा १ एमबीपीएसच्या खालीच बसतो आणि अक्षरं तितकीच स्वच्छ दिसतात. बोलण्याचा आवाज एकाच चॅनेलवर ६४ केबीपीएसमध्ये छान येतो, स्टिरिओ कशाला? फक्त कमाल बिटरेटची मर्यादा घालायला विसरू नका. सरासरी १ असलेल्या फाइलमध्ये मधेच वीस सेकंदांचं ॲनिमेशन आलं आणि तिथे ती ६-७ वर उडाली, तर सगळा वर्ग त्याच ठिकाणी एकदम अडकतो. "दर वेळी बरोब्बर ग्रहांच्या चित्रापाशी थांबतं" अशी तक्रार आली तर ती हीच.

दारात माणसं मोजली जात असतील तर

मोजणीत २१व्या मशीनला गाडी अडली, आणि हलक्या फाइललाही २१व्यालाच अडली, तर आधी विचारा: व्हिडिओ कुठल्या साध्या विंडोज मशीनच्या शेअर केलेल्या फोल्डरमधून तर चालत नाहीत ना? विंडोज १० आणि ११ च्या परवान्यात एका वेळी २० उपकरणांनाच जोडू देण्याची मर्यादा आहे. एकविसाव्याला संदेशही स्पष्ट मिळतो, की या संगणकावर आणखी जोडण्या होऊ शकत नाहीत. पण विद्यार्थी तो वाचत नाहीत, "ओके" दाबून मोकळे होतात, आणि आपल्यापर्यंत "सर, चालत नाही" एवढंच पोचतं.

हा दोष परत परत येण्याचं कारण गमतीचं आहे. रिकामी बसलेली जोडणी डीफॉल्टनं १५ मिनिटांनी आपोआप सुटते. म्हणजे तासाच्या सुरुवातीला मागच्या बॅचच्या जोडण्या अजून जागा अडवून असतात आणि थोड्या वेळानं सगळं आपोआप "बरं" होतं. तुम्ही काहीही केलेलं नसतं, पण श्रेय मात्र तुम्ही नुकत्याच केलेल्या रीस्टार्टला जातं. यावर मर्यादा वाढवण्याची कुठलीही रजिस्ट्रीतली युक्ती शोधू नका. फाइली साध्या वेब सर्व्हरवर टाका, एनजिनएक्स किंवा अपाचे, जुन्या मशीनवर लिनक्स घालूनही चालतं, आणि ब्राउझरमधून बघू द्या.

दुसरा मोजणारा शिपाई मूडलसारख्या ऑनलाइन धड्यांच्या प्रणालींमध्ये बसलेला असतो. तिथे व्हिडिओची फाइल थेट दिली जात नाही. विद्यार्थ्याला परवानगी आहे का हे तपासायला प्रत्येक मागणी पीएचपीमधून (साइट चालवणाऱ्या प्रोग्राममधून) जाते, आणि फाइल पोचेपर्यंत पीएचपीची एक प्रक्रिया त्यातच अडकून राहू शकते. पीएचपी-एफपीएमच्या मूळ सेटिंगमध्ये अशा प्रक्रियांची कमाल संख्या ५ असते. पाच! खूण अशी की व्हिडिओच नाही, अख्खी साइट जड होते. लॉगिनचं पानसुद्धा उघडत नाही, आणि सर्व्हरचा प्रोसेसर मात्र निवांत बसलेला. दोन गोष्टी करायच्या: मेमरी बघून ती संख्या वाढवायची, आणि मूडलच्या सेटिंगमध्ये एक्स-सेंडफाइल चालू करायचं. मग पीएचपी फक्त "याला जाऊ दे" म्हणून बाजूला होतं आणि फाइल वाहून नेण्याचं हमालीचं काम वेब सर्व्हर करतो. ते त्याला फार चांगलं जमतं.

सुरूच व्हायला वेळ लागतो

इथे घड्याळ उपयोगी पडतं. एकदा सुरू झाला की व्हिडिओ मधे कुठे अडकत नाही, पण प्ले दाबल्यावर पहिलं चित्र यायला मिनिट जातं. ही नेटवर्कची तक्रार नाही, फाइलची आहे.

एमपी४ फाइलमध्ये एक अनुक्रमणिका असते, तिला मूव्ह ॲटम म्हणतात. कुठली फ्रेम फाइलमध्ये नेमकी कुठे आहे ते त्यात लिहिलेलं असतं, आणि ती वाचल्याशिवाय प्लेअरला काहीच दाखवता येत नाही. रेकॉर्डिंग संपेपर्यंत ही यादी पूर्ण होत नाही, त्यामुळे बरेच प्रोग्राम ती शेवटी चिकटवतात. पुस्तकाची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर असावी तसं. शहाणा ब्राउझर काय करतो, तर सर्व्हरला म्हणतो, "मला शेवटचा तुकडा आधी दे." सर्व्हरला अशी तुकड्यानं फाइल देणं येत असेल, म्हणजे तो २०६ हे उत्तर देत असेल, तर काम भागतं. येत नसेल तर अख्खी फाइल उतरेपर्यंत थांबणं आलं. ४०० मेगाबाइटची फाइल १०० च्या लिंकवर एकट्याला अर्ध्या मिनिटात उतरेल. चाळीस जणांनी एकदम मागितली तर तेवीस-एक मिनिटं. तास संपला.

पायथनचा एका ओळीत सुरू होणारा वेब सर्व्हर कितीतरी जण "सध्यापुरता" वापरतात. त्याला तुकड्यांनी फाइल देता येत नाही. मी स्वतः तो दोन आठवडे वर्गासाठी चालवलाय आणि दोष स्विचला दिलाय. त्याच सर्व्हरवर व्हिडिओ मधून पुढे ओढताही येत नाही, ही त्याची दुसरी खूण.

उपाय सोपा आहे. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या मोफत प्रोग्राममध्ये मूव्हफ्लॅग्ज या पर्यायाला फास्टस्टार्ट हे मूल्य द्या आणि चित्र-आवाज जसेच्या तसे कॉपी करायला सांगा. पुन्हा एन्कोडिंग होत नाही, दर्जा बदलत नाही, काही सेकंदांत अनुक्रमणिका पुढे येते. ब्राउझरच्या डेव्हलपर साधनांत नेटवर्कचं पान उघडून पाहा: व्हिडिओच्या ओळीसमोर २०६ दिसायला हवं. २०० दिसलं आणि फाइल सलग उतरत राहिली तर सर्व्हर बदला.

पुढे ओढल्यावर पाच-दहा सेकंद जातात अशी तक्रार असेल तर कीफ्रेम बघा. एन्कोडरची मूळ सवय जास्तीत जास्त २५० फ्रेमनंतर एक पूर्ण चित्र देण्याची असते. १५ फ्रेमच्या व्हिडिओत ते अंतर साडेसोळा सेकंदांपर्यंत जातं, आणि मधल्या जागी उडी मारायची तर मागच्या पूर्ण चित्रापासून सगळं उलगडत यावं लागतं. शिक्षक "जरा मागे घ्या, ते समीकरण पुन्हा बघू" हे दर पाच मिनिटांनी म्हणतात, त्यामुळे धड्यांच्या व्हिडिओत दर दोन ते चार सेकंदांनी कीफ्रेम असावी. फाइल थोडी फुगते, फुगू द्या.

बरोब्बर चार मिनिटं वीस सेकंदांनी

आता माझ्या आवडत्या दुखण्याविषयी. एका मोठ्या सभागृहातलं व्याख्यान चार खोल्यांमध्ये थेट दाखवायचं होतं. थेट असल्यानं सगळे एकाच क्षणी तेच बघणार, म्हणून मल्टिकास्ट वापरलं: सर्व्हरनं एकच प्रवाह २३९ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर सोडायचा, ज्याला हवा त्यानं व्हीएलसी या प्लेअरमधून तो पकडायचा. चाळीस प्रती पाठवायच्या ऐवजी एकच. कल्पना सुंदर आहे आणि जुनीही. १९९२ साली आयईटीएफ या इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संघटनेच्या सॅन दिएगोच्या बैठकीचा आवाज अशाच पद्धतीनं दूरदूर पोचवला गेला होता.

आमचा प्रवाह सुरू झाला, सगळे खूश. चार-साडेचार मिनिटांनी सगळीकडे चित्र थांबलं. व्हीएलसी बंद करून पुन्हा उघडलं की लगेच चालू, आणि पुन्हा तेवढ्याच वेळानं बंद. आम्ही कॅमेरा बदलला. एन्कोडर बदलला. सर्व्हर तापतोय म्हणून त्याच्यासमोर पंखा लावला. शेवटी एका सहकाऱ्यानं मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं आणि तीनदा मोजलं. तिन्ही वेळा २६० सेकंदांच्या आसपास.

यंत्र इतकं शिस्तीत बंद पडत असेल तर ते बिघडलेलं नसतं, कोणाच्या तरी टायमरनुसार वागत असतं. स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग नावाची सोय असते. कुठल्या पोर्टवरच्या मशीनला प्रवाह हवाय याची ती यादी ठेवते आणि फक्त तिथेच तो सोडते. ही यादी ताजी ठेवायला नेटवर्कवर कोणीतरी अधूनमधून विचारावं लागतं, "अजून कोणाला हवंय का?" त्याला क्वेरियर म्हणतात, आणि ते काम सहसा राउटर करतो. आमचा जुना राउटर ते इमानदारीत करत होता. तो बदलून नवा आला, नव्यात मल्टिकास्ट बंद. आता विचारणारंच कोणी नाही, त्यामुळे मशीन उत्तर देत नाहीत, आणि मुदत संपली की स्विच त्यांची नावं खोडतो. मूळ मुदतीचं गणित असं: प्रश्न दर १२५ सेकंदांनी, त्याची दुप्पट, अधिक उत्तरासाठी १०. झाले २६०. काही स्विचमध्ये ही मुदत थोडी पुढेमागे असते, पण शिस्त तीच.

दुरुस्ती: मुख्य स्विचवर क्वेरियर चालू करणं, एका चौकटीत टिचकी. तीन दिवस गेले होते.

स्नूपिंगच बंद करून टाकायचा मोह होतो, कारण त्यानंही प्रवाह थांबायचा बंद होतो. तसं केलं तर तो प्रवाह प्रत्येक पोर्टवर ओतला जातो, प्रिंटरपासून वायफायपर्यंत. आणि वायफायवर मल्टिकास्ट सहसा सगळ्यात संथ वेगानं जातं, पोचल्याची पावतीही कोणी देत नाही, त्यामुळे हवा तुंबते आणि चित्राच्या चौकोनी चिंध्या होतात. वायफायवरच्या लॅपटॉपना थेट प्रवाह द्यायचा असेल तर एचएलएस वापरा.

एचएलएस २००९ पासून आहे आणि डॅश २०१२ पासून. दोन्हींत व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे दोन-तीन दर्जांत बनवून ठेवतात, आणि प्लेअर जागा बघून दर्जा निवडतो. गर्दी झाली तर चित्र धूसर होतं, पण थांबत नाही. एक खाच आहे. लॅबमधले चाळीसही प्लेअर सुरुवातीला मोकळं नेटवर्क बघून सगळ्यात वरचा दर्जा धरतात, मग एकदम तुंबतात, एकदम खाली येतात, मोकळं झालं की पुन्हा एकदम वर. चित्र लाटांसारखं धूसर-स्वच्छ होत राहतं. वरचा दर्जा काढून टाकणं हा यावरचा मला सापडलेला सगळ्यात सोपा इलाज आहे.

वायफायबद्दल एवढंच सांगतो की हवा सगळ्यांची मिळून एकच असते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. कोपऱ्यातला एक लॅपटॉप रेंज नसताना संथ वेगानं बोलत बसला की तो सगळ्यांचा वेळ खातो. व्हिडिओ बघणाऱ्या वर्गाला शक्य तिथे तार द्या.

एकाच मशीनला त्रास असेल तर

मागे म्हटलेला गोठलेल्या चित्राचा प्रकार इथे येतो. अलीकडचे बरेच फोन एचईव्हीसी या नव्या व्हिडिओ-प्रकारात रेकॉर्ड करतात, आणि शिक्षक ती फाइल तशीच चढवतात. नव्या मशीनमध्ये ती उलगडायला वेगळी चिप असते. जुन्यात सगळा भार प्रोसेसरवर येतो, किंवा ब्राउझर नुसता आवाज देऊन काळा पडदा दाखवतो. पडदा रेकॉर्ड करणाऱ्या काही प्रोग्रामची फाइल ४:४:४ या रंगमांडणीत असते, तीही अशीच दगा देते, नाव एच.२६४च असल्यानं आपण तिच्यावर संशय घेत नाही. ४:२:० मध्ये, आठ बिटांत, एच.२६४ बांधा. नव्या प्रकारांनी फाइल लहान होते हे खरंच आहे, पण ज्या खोलीत दहा वर्षांची मशीन आहेत तिथे २००३ सालचा एच.२६४च राजा.

चित्र नव्हे, चक्रच फिरतंय पण एकाच मशीनला, आणि पिंग (छोटं पाकीट पाठवून उत्तर येतं का बघणं) मात्र झकास येतंय? मग डुप्लेक्सची जुळवणी बघा: फुल म्हणजे दोन्ही टोकं एकाच वेळी बोलतात, हाफ म्हणजे आळीपाळीनं. एका टोकाला कोणीतरी "१०० फुल" असं ठोकून बसवलं आणि दुसरं टोक स्वयंचलित असलं, तर स्वयंचलित टोकाला समोरच्याचा अंदाज लागत नाही आणि ते हाफ धरतं. छोटी पाकिटं निसटून जातात, मोठा प्रवाह सुरू झाला की टक्कर. स्विचच्या मोजणीत लेट कोलिजन (उशिराच्या टकरी) किंवा सीआरसीच्या (खराब पोचलेल्या पाकिटांच्या) चुका वाढताना दिसतात. दोन्ही टोकं स्वयंचलितवर ठेवा. वेग हातानं ठोकायची सवय जुन्या काळी बरी होती.

आणि एकच फाइल सगळ्यांना चालते, पण प्रत्येकानं वेगळा धडा लावला की अडकतं, असं असेल तर सर्व्हरची डिस्क बघा. एकच फाइल पहिल्यांदा वाचल्यावर मेमरीत राहते. चाळीस वेगळ्या फाइली म्हणजे फिरणाऱ्या डिस्कच्या हाताला चाळीस जागी धावपळ. एसएसडी घाला, विषय संपतो.

व्हिडिओ बाहेरच्या साइटवरचे असतील तर

तर मात्र इंटरनेटचाच प्रश्न आहे. चाळीस जण तोच व्हिडिओ चाळीस वेळा बाहेरून ओढतात. मधे प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर) ठेवून साठवण करायची जुनी युक्ती आता चालत नाही. वाहतूक एचटीटीपीएसनं बंद पाकिटातून जाते, मधल्याला आत काय आहे ते दिसत नाही. ज्या सामग्रीचा परवाना मुभा देतो ती एकदा उतरवून आत ठेवणं हाच मार्ग. कोलिब्री हे सॉफ्टवेअर याचसाठी बनवलेलं आहे: धड्यांचे संच आधी आणून ठेवायचे, अगदी पेनड्राइव्हवरूनही, आणि मग वर्ग ब्राउझरमधून ८०८० पोर्टवर बघतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरही ते चालतं. फक्त कुठला पाय आहे ते तपासा: ३बीचं इथरनेट १०० चंच, ३बी प्लसचं नावाला गिगाबिट पण आत यूएसबी २ मधून जात असल्यानं ३०० च्या आसपास थबकणारं, आणि ४ पासून खरं गिगाबिट.

तरीही परत का येतं

कारण आपण दुरुस्त केलेली खोली तशीच राहत नाही. नवे शिक्षक नव्या फोननं ४के मध्ये रेकॉर्ड करतात. ३२ ची ४० मशीन होतात. कोणीतरी जळालेला स्विच बदलून कपाटातला जुना लावतं. आमच्याकडे एकदा फक्त सकाळचा पहिला तास अडकायचा, बाकी दिवस स्वच्छ. रात्रभर बंद असलेली चाळीस मशीन सकाळी एकदम चालू होऊन एकदम अपडेट मागायची, एवढंच होतं. आता आठवड्यातून एका संध्याकाळी ती मुद्दाम चालू ठेवतो.

चढवलेली कुठलीही फाइल आता सरळ वर्गात जात नाही. ती आधी एका फोल्डरमध्ये पडते, तिथे एक छोटी स्क्रिप्ट एफएफएमपेग चालवून तिला ७२०पी, एच.२६४, ४:२:०, कमाल २ एमबीपीएस, दोन सेकंदांची कीफ्रेम आणि फास्टस्टार्ट या साच्यात बसवते, मगच ती सर्व्हरवर दिसते. ४० गुणिले २ म्हणजे ८०. उद्या परत कोणी १०० चा स्विच मधे घुसडला तरी वर्ग चालेल. शिक्षकांना काही शिकवावं लागलं नाही, फक्त "लगेच का दिसत नाही?" या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

शिवाय स्विचच्या कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवलाय. कुठला पोर्ट कुठे जातो, त्याचा वेग किती असायला हवा, क्वेरियर कुठल्या स्विचवर आहे, आणि मोजणीत शेवटचा आकडा किती आला होता, तारखेसह. गेल्या वेळी तक्रार आली तेव्हा कागदावर १००० लिहिलेल्या पोर्टसमोर पडद्यावर १०० दिसत होतं. मागच्या रांगेत खुर्चीचा पाय केबलवर रोवलेला होता. खुर्ची उचलली, पॅचकॉर्ड बदलली, आणि कागदावर त्या ओळीपुढे पेन्सिलीनं "खुर्ची" असं लिहून दार लावलं.